वाटणीची विहीर आणि कागद नसलेला प्रिंटर

श्रावणातल्या मंगळवारी बाबा गेले. बाराव्या दिवशी त्यांचा संगणक गेला. प्रिंटर राहिला.

संगणकाचं जाणं आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. घरात एक दुःख बसलेलं असताना दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर थांबावं लागतं. बाराव्याची पंगत बसली होती. वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि आतल्या खोलीतून 'टप्प' असा आवाज झाला. मागोमाग धूर. आई भात वाढत होती. तिने मान न वळवता विचारलं, "काय गेला गो?"

मी आत जाऊन आले. "बाबांचा संगणक."

"जाऊंदे. तेका तरी एकट्याक खय करमतला!" आई म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.

मी डिचोलीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. पार्स्याहून रोज बसने जाते-येते. पुस्तकांची एक गोष्ट मला आवडते. ती बंद पडत नाहीत. वाळवी लागते, पानं गळतात, पण उघडलं आणि "हे पुस्तक ओळखता येत नाही" असं पुस्तकाने स्वतःच सांगितल्याचं माझ्या नोकरीत एकदाही घडलेलं नाही. त्यामुळे यंत्रांशी माझा संबंध दुरून नमस्कार करण्याइतकाच होता.

बाबांचं तसं नव्हतं. ते पेडण्याच्या एका कचेरीत कारकून होते. कचेरीने जुना प्रिंटर मोडीत काढला तेव्हा बाबांनी तो रीतसर अर्ज करून मिळवला आणि स्कूटरवरून घरी आणला. मागे आई बसली होती आणि तिच्या मांडीवर प्रिंटर. (आई सांगते, वाटेत तीन ओळखीची माणसं भेटली आणि तिघांनीही "पेटी वाजवूक कधी शिकलात?" असं विचारलं.) हा प्रिंटर शाई फवारणारा नव्हे, टाचण्या मारणारा. फितीवर टाचण्या आपटून एकेक अक्षर उमटवतो. तो सुरू झाला की शंभर माणसं एकदम सुपारी कातरायला बसल्यासारखा आवाज होतो. त्याला सुटे कागद चालत नाहीत. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीवर घडी घातलेला, कुठेही न तुटणारा लांबच लांब कागद लागतो.

आणि नेमका तसला कागद जगात आणखी एकाच माणसाला लागत होता. तो म्हणजे भिकूमामा.

भिकूमामा आईचा भाऊ. आमच्या गावात जत्रेला नाटक होतं, आणि गेली तीस वर्षं मामा त्या नाटकाचा प्रॉम्प्टर आहे. म्हणजे विंगेत उभा राहून, नट अडला की त्याला पुढचं वाक्य पुरवणारा. नाटक बाबा लिहायचे, मामा पुरवायचा. मामाच्या डाव्या हातात बॅटरी असते. उजव्या हातात बाबांनी छापलेला तो लांब कागद. वाचून झालेला भाग आपोआप खाली टोपलीत घडीवर घडी पडत जातो. पान उलटायला नको, आवाज नको, तिसरा हात नको.

एका वर्षी बाबा आजारी होते म्हणून मंडळाने सुट्या पानांवर संहिता छापून दिली. ती हकीकत मामा अजून सांगतो.

"वारो इलो गो, वारो! एकच! आणि तिसरो अंक दुसऱ्याच्या आधी गेलो! राजा मेलो, तेका जाळलो, आणि मगे तेचा लगीन लावला!"

"मग लोकांनी काय केलं?"

"काय करतले? अक्षता टाकल्यानी!"

तेव्हापासून मामाचा नियम झाला: कागद लांब हवा, अक्षर मोठं हवं, आणि मध्ये कुठेही तोडायचा नाही.

चतुर्थीचे गणपती गावातून गेले आणि नाटक मंडळाचा अध्यक्ष बाबल आमच्या ओसरीवर येऊन बसला. बाबल काजूच्या बियांचा व्यापारी. दरवर्षी नाटकात मुख्य काम त्याचंच असतं, कारण मंडपाची ताडपत्री त्याची असते. यंदा बाबांनी नवं नाटक लिहून ठेवलं होतं. 'वाटणीची विहीर'. दोन भाऊ, मधोमध एक विहीर, आणि भावांत अबोला. सगळ्यांच्या वाट्याच्या नकला बाबांनी उन्हाळ्यातच वाटल्या होत्या. राहिली होती ती मामाची लांब प्रत.

"काकांचा शेवटचा नाटक," बाबल म्हणाला. "करूक होयाच. पण मामा प्रतीशिवाय उभो रवणा नाय, आणि मामा नसलो तर माका एक वाक्य येणा नाय. ह्या खरा काय ता सांगतय."

"माझ्या मोबाइलमधून वाचेल मामा," मी म्हटलं.

मामा कोपऱ्यात बसला होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवळात चपला घालून शिरले.

"दिवाळीपर्यंत प्रत इली तर 'वाटणीची विहीर'," बाबल उठता उठता म्हणाला. "नायतर गेल्या वर्षाचाच नाटक परत. लोकांक पाठ आसा, प्रॉम्प्टर लागूचो नाय."

तो गेल्यावर आईने प्रिंटरवरचं धुडकं काढलं, झटकलं आणि पुन्हा घातलं. मला कळलं. प्रत मीच काढायची होती.

मी माझा लॅपटॉप आणला. कोरा, पातळ, आणि स्वभावाने थोडा शिष्ट. प्रिंटरची वायर मनगटाएवढी जाड, तिच्या टोकाला छत्तीस दात. लॅपटॉपला तसं तोंडच नाही! मी वायरीचा फोटो घेऊन म्हापशाच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने फोटो मोठा करून पाहिला, मग मला पाहिलं.

"मॅडम, हा प्रिंटर माझ्यापेक्षा मोठा आहे."

"तुम्ही केवढे आहात?"

"तिशीचा. नवीन का घेत नाही? वायरपण लागत नाही त्याला."

"टोपलीत पडत नाही ना त्याचा कागद," मी म्हटलं.

त्याने फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग आतून एक जोडवायर घेऊन आला. तिच्या एका टोकाला छत्तीस दात, दुसऱ्या टोकाला लॅपटॉपचं चपटं नाक. "लागला तर लागला. नाही लागला तर माझं नाव सांगू नका."

पहिल्या जोडणीला मामा मुद्दाम आला. येताना देवाला सांगूनच आला होता. तरी प्रिंटरपुढे उभा राहून, हात जोडून, त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आज जुना यंत्र नव्या यंत्राक जोडला हा. (लेकरू सेहेचाळीस वर्षांचं होतं.) तेंचा एकमेकांशी पटणा नाय. काय चुकला माकला आसात तर पदरात घे, वाटेत कोण आडवो येत आसात तर तेका बाजूक कर, आणि अक्षर भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आईने स्वयंपाकघरातून साथ दिली.

मी वायर लावली. लॅपटॉपने 'टुंग' केलं आणि पडद्यावर पाटी आली: उपकरण ओळखता आले नाही.

"काय म्हणता तो?" मामाने विचारलं.

"ओळखत नाही म्हणतोय."

"नवे शिकलेले सगळे असेच!" मामा म्हणाला आणि चहाला गेला.

पुढचे दहा-बारा दिवस मी वाचत होते. (मला दुसरं काही येत नाही.) नव्या संगणकाला जुना प्रिंटर कळत नाही, कारण मधे एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या प्रिंटरचा दुभाषा कंपनीने केव्हाच कामावरून कमी केला होता. इंटरनेटवर माझ्यासारखे अनेक जण रडत होते. कुणी म्हणे हा दुभाषा घ्या, कुणी म्हणे तो. मी सगळं वहीत उतरवून घेतलं, विषयवार लावलं आणि त्यातला एक निवडला.

प्रिंटर गर्जला! सुपाऱ्या कातरल्या जाऊ लागल्या! मामा धावत आला, आई हात पुसत आली. कागद सरसर बाहेर येऊ लागला. प्रत्येक पानावर एकच ओळ, मग पुढचं पान, पुन्हा एक ओळ. मी थांबवायची कळ दाबली, तरी थांबेना. चाळीस पानं उघड्या जनेलाच्या गजांतून बाहेर अंगणात गेली. मामाने एक पान बॅटरी लावून वाचलं.

"बदाम. किल्वर. हसतो चेहरो. परत बदाम. इस्पिक." त्याने चष्मा काढला. "गो बाय, ह्या नाटक आसा काय पत्त्यांचो डाव?"

चुकीचा दुभाषा. पण मामाचं म्हणणं, वस्तू बोलायला लागली हे खरं. भाषा मागाहून सुधारते. तो त्याच संध्याकाळी देवळात जाऊन कौल लावून आला. देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली की होकार. मामाने विचारलं, 'विहीर' करू की नको? दोन मिनिटांत उजवी पडली म्हणे.

"देवाचा काम दोन मिनटात झाला," मामा मला म्हणाला. "आता तुझा कवा ता सांग."

देवाच्या वेगाशी माझी तुलना आजवर कुणी केली नव्हती.

नवरात्रात मी योग्य दुभाषा शोधला. लॅपटॉपच्याच पोटात, जुन्या प्रिंटरांच्या एका लांबलचक यादीत, तळाशी तो होता. पण बाबांची फाइल उघडली तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, वर उलट्यासुलट्या टोप्या घातलेली. बाबांनी नाटक ज्या जुन्या फाँटमध्ये लिहिलं होतं, तो त्यांच्या संगणकाबरोबर गेला होता. मी बाबांचा पेनड्राइव्ह पुन्हा तपासला. (तो ते चष्म्याच्या घरात ठेवत. चष्मा मात्र कुठेही ठेवत.) त्यात नाटकांचे गठ्ठे होते, आणि एक लहानसा कप्पा होता. त्याचं नाव 'भिकू'. उघडला. आत तो फाँट होता, आणि 'वाटणीची विहीर' ची एक प्रत, मामाच्या डोळ्यांना झेपेल अशा भल्यामोठ्या अक्षरांत मांडून ठेवलेली.

मी फाँट लॅपटॉपमध्ये घातला.

खंडेनवमीच्या सकाळी प्रिंटर सुरू झाला आणि कागदावर उमटलं: 'वाटणीची विहीर. अंक पहिला.' स्वच्छ, काळं, बाबांच्या वळणाचं. आवाज ऐकून स्वयंपाकघरात आईने सवयीने तिसरा कप काढला. मग तो परत ठेवला आणि खोलीत आली. ती ओळ तिने बोटाने चाचपून पाहिली. (टाचण्यांनी मारलेलं अक्षर मागून हाताला लागतं.)

"बरा," ती म्हणाली. एवढंच.

आणि इथे, वाचकहो, सगळं संपायला हवं होतं. इथे मी पूर्ण प्रत काढून मामाच्या हातात दिली असती तर मला शहाणी म्हणता आलं असतं. पण मला आनंद झाला! बऱ्याच दिवसांनी झाला होता, त्यामुळे तो कसा वापरायचा हे लक्षात राहिलं नव्हतं. मी ठरवलं, आज खंडेनवमी, आज यंत्राची पूजा करू, छपाई उद्या. यंदा घरात सण नव्हता. तोरण नाही, गोडधोड नाही. मी आईला विचारलं, चालेल का?

"सुतक माणसांक. यंत्रांक कसला सुतक? बापूस दरवर्साक करी. लाव कुंकू."

बाबा दरवर्षी प्रिंटरच्या धुडक्यावरून एक झेंडूचं फूल वाहायचे, हे मी पाहिलं होतं. पण मला ते वरवरचं वाटलं. मी झाकण उघडलं आणि फूल थेट गाभाऱ्यात ठेवलं. हळद, कुंकू, झेंडू. दुसऱ्या दिवशी निर्माल्य उचललं. एक फूल ठेवलं होतं, एक फूल काढलं. हिशेब चोख.

छापायला बसले. पडद्यावर पाटी आली: प्रिंटरमध्ये कागद नाही.

कागद होता! कागद मला दिसत होता! दोन्ही कडांची भोकं खुंट्यांत अडकवून, सरळ, ताठ बसलेला. मी तो काढून पुन्हा घातला. कागद नाही. नवा गठ्ठा फोडला. कागद नाही. प्रिंटरवरचा लाल दिवासुद्धा लागला होता. म्हणजे तोही लॅपटॉपच्या बाजूने खोटी साक्ष देत होता.

मग मला आठवलं. रात्री लॅपटॉपने स्वतःहून काहीतरी अपडेट केलं होतं. सकाळी 'तुमच्यासाठी नव्या सोयी' असं हसतमुखाने सांगितलंही होतं. सापडला गुन्हेगार!

पुढचे तीन आठवडे मी त्या अपडेटशी लढले. दुभाषा काढला, पुन्हा बसवला. अपडेट मागे घेतलं, तर ते रात्री पुन्हा आलं. वहीची दुसरी वही झाली. वायर बदलायला म्हापशाला गेले. दुकानदाराने मला लांबून पाहिलं आणि शटरजवळच्या माणसाला काहीतरी सांगितलं. रोज संध्याकाळी मी बसमधून उतरले की तुळशीपाशी मामा उभा.

"झाला?"

"नाही मामा."

"काय म्हणता?"

"कागद नाही म्हणतो."

"मगे कागद घाल!"

"आहे मामा कागद. खोटं बोलतोय तो."

बाबांनी जपून ठेवलेली प्रिंटरची माहितीपुस्तिकाही माझ्याकडे होती. तिच्या शेवटी 'बिघाड आणि उपाय' असं प्रकरण आहे, हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. मी पुस्तक मधूनच कधी उघडत नाही. पहिल्या पानापासून वाचते. रोज थोडं थोडं वाचत मी एकतिसाव्या पानावर होते. ते प्रकरण अठ्ठावन्नाव्या पानावर होतं.

दरम्यान मी रोज काही ना काही छापायला पाठवून बघत होते. आधी नाटकाचा पहिला अंक पाठवला. मग चाचणीच्या ओळी. सुरुवातीला सभ्य: 'एक दोन तीन.' 'नमुना छपाई.' मग दिवस जात गेले तशी माझी भाषा ढासळत गेली. मी वाचनालयात अकरा वर्षं कुणाशी मोठ्याने बोललेली नाही. ते सगळं साठलेलं त्या प्रिंटरच्या वाट्याला आलं. दुसरा अंक पाठवला, पुन्हा ओळी, मग तिसरा अंक. काहीच उमटत नव्हतं, त्यामुळे कुणी वाचायचा प्रश्नच नव्हता.

नरकचतुर्दशीची सकाळ. यंदा आमच्याकडे दिवाळीचे पोहे करायचे नव्हते, म्हणून मामा त्याच्या घरचे पाच तऱ्हांचे पोहे डब्यांत घालून घेऊन आला. मागोमाग बाबल. बाबलच्या तोंडावर ताडपत्रीसारखी घडी होती.

"बाय, आज दिवाळी."

"माहीत आहे."

"मगे? करू जुना नाटक?"

आई हातांच्या लाकडी कदेलीवर बसली होती. ती उठून आत जाऊ लागली. मी म्हटलं, "एकदा शेवटचं बघते." छापायची कळ दाबली. पाटी आली.

"कागद नाही म्हणतो," मी म्हटलं. "तीन आठवडे हेच खोटं."

"लबाड बोलता तर बोलता," मामा म्हणाला, "पण बघूक काय जाता?"

त्याने खिशातून प्रॉम्प्टरची बॅटरी काढली (ती तो अंघोळीला जातानाच फक्त बाजूला ठेवतो), झाकण उघडलं आणि आत उजेड मारला. ज्या माणसाला अंगणातली म्हैस दिसत नाही, त्याने आत डोकं घातलं आणि तिथेच थांबला.

"गो, ह्या काय?"

"कुठे काय?"

"ह्या बारीक पाती आसा, कागदाखाली. तिच्या पोटात कायतरी गेला हा."

ती पाती म्हणजे कागद आहे की नाही हे ओळखणारी कळ. कागद आला की ती दबते. आईने केसांतली पिन काढली, आत घातली आणि हलकेच ओढली. बाहेर आली ती झेंडूची एक वाळलेली पाकळी. कडेला कुंकू लागलेलं होतं.

दोन वह्या, दोन वायरी, तीन आठवडे! त्या लॅपटॉपने जन्मात एकच खरं वाक्य उच्चारलं होतं, आणि मी त्याला रोज खोटारडा ठरवत होते.

"खयच्या बाजूची?" मामाने हळू आवाजात विचारलं.

"काय?"

"पाकळी गो! उजव्या बाजूची काय डाव्या?"

"उजव्या," आई म्हणाली.

मामाने कपाळाला हात लावला. "देवान तीन आठवड्यांआधी कौल दिलो हा, आणि तुम्ही तो यंत्रात दाबून ठेवलात!"

मी काही उत्तर देणार, एवढ्यात लाल दिवा विझला. हिरवा लागला. आणि मग ते सुरू झालं.

मला वाटलं होतं, अडलेले हुकूम मरून जातात. ते मरत नाहीत. ते रांगेत उभे असतात! तीन आठवड्यांत पाठवलेलं सगळं, पाठवलं त्या क्रमाने, बाहेर यायला लागलं. आधी पहिला अंक. बाबल नाचायचाच बाकी होता. मग आल्या माझ्या ओळी. फाँट बाबांचा, आणि अक्षर मामाच्या डोळ्यांसाठी मांडलेलं, भलंमोठं. चष्म्याशिवाय वाचता यावं असं.

मामाने चष्म्याशिवाय वाचलं. आणि तेही प्रॉम्प्टरच्या आवाजात, म्हणजे कुजबुजल्यासारखं, पण मंडपाच्या टोकाला ऐकू जाणारं.

"एक दोन तीन. नमुना छपाई. आजही मामा तुळशीपाशी उभा असणार."

"मामा, ते वाचू नकोस –"

"मामाला सांगावं का, की प्रिंटर वारला?" मामाने पुढची घडी उचलली. "मामाने कौल लावण्याऐवजी मोतीबिंदू काढून घ्यावा."

बाबल जनेलातून बाहेर बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. आई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली, आणि श्रावणानंतर पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं. मी वायर उपटायला धावले.

"हात लावू नको!" मामा गरजला. "कागद तुटतलो!"

सगळं बाहेर आलं. दुसरा अंक, ओळी, तिसरा अंक, पडदा. मामाने घडीवर घडी घालून गठ्ठा छातीशी धरला. मी मान खाली घालून उभी होते.

"अक्षर बाकी झ्याक इला हा," तो म्हणाला. "मोतीबिंदवाचा मगे बघू."

माझ्या ओळींवर मामाने घरी बसून लाल पेन्सिलीने काट मारली. कागद तोडायचा नव्हता ना!

जत्रेला आम्ही जाणार नव्हतो. वर्ष व्हायचं होतं. पण मामाने तोडगा काढला. विंगेत बसलेला माणूस नाटक बघत नाही, काम करतो. मला टोपली धरायला बसवलं, आणि आईला, टोपली नीट धरली आहे का हे बघायला. मामाच्या हातातून कागद सुळसुळत उतरत होता आणि माझ्यासमोर बाबांचा पहिला अंक घडीवर घडी बसत होता. लोक हसत होते, जिथे बाबांनी हसवायचं ठरवलं होतं, तिथेच.

तिसऱ्या अंकाचा पडदा उघडला. विहिरीच्या एका काठावर थोरला भाऊ, दुसऱ्या काठावर धाकटा म्हणजे बाबल. पहिलं वाक्य बाबलचं. बाबल गप्प. थोरला गप्प. सगळा मंडप गप्प. बाबलने विंगेकडे असे डोळे केले, जसा बुडणारा माणूस काठाकडे करतो. मामाने घाईने बॅटरी रोखली, आणि जे पहिलं मोठं अक्षर दिसलं ते पुरवलं. लाल पेन्सिल तिथे फिरायची राहिली होती.

आणि बाबलने, भावाकडे बोट करून, पोटातून काढलेल्या आवाजात म्हटलं:

"तीन आठवडे झाले, तुझ्या तोंडातून एक अक्षर नाही! आता तरी बोल रे!"

टाळी पडली. अशी टाळी, की थोरल्या भावाचं काम करणाऱ्याला खरंच रडू आलं.

मी टोपलीत तोंड लपवलं. आई माझ्याकडे वळून कुजबुजली, "ही ओळ तेंची नाय."

"नाही," मी म्हटलं. "माझी आहे. प्रिंटरला म्हटलं होतं."

आईने माझ्या हातातली टोपली सरळ केली.

आता बाबल सांगतो, पुढच्या वर्षीचं नाटक मी लिहावं. माझ्यात गुण आहेत म्हणे. आजवर मी एकच वाक्य लिहिलं आहे, तेही एका यंत्राला शिव्या देताना, तेही चुकून छापलं गेलं, आणि चुकून बोललं गेलं. तेवढ्यावर गावात मी लेखिका आहे. माहितीपुस्तिका मी वाचून पूर्ण केली. फूल आता धुडक्यावरून वाहते.

बाबा नाहीत. संगणक नाही. प्रिंटर आहे. कागद आहे.